एकटीला उघडेल असं घर

भिंत दिसली की आप्पांचे हात शिवशिवायला लागत. मग ती स्वतःच्या घराची असो, दवाखान्यातली असो की शेजाऱ्यांच्या नव्याकोऱ्या दिवाणखान्यातली. बोट दुमडायचं, टकटक करायची, कान जरा तिरका करायचा आणि यजमानांच्या देखत निकाल द्यायचा, "पोकळ आहे." आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस. गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून घरी बसला होता, पण कान अजून रोज कामावर जात होते. त्यांच्या बायकोने या सवयीपुढे केव्हाच हात टेकले होते.

अशा माणसाला त्याच्या एकुलत्या एका मुलीने सांगितलं, की मी पत्र्याचं घर घेणार आहे, आणि तेही घडीचं.

मुलगी रस्त्यांसाठी जमिनीची मोजणी करायची. जिथे रस्ता व्हायचा तिथे आधी ती जायची, काही महिने राहायची आणि रस्ता येईपर्यंत पुढच्या ठिकाणी निघून जायची. राहायचं म्हणजे भाड्याच्या खोल्या. एकीत स्वयंपाकाला बंदी, दुसरीत उशिरा यायला. शेवटच्या घरमालकाने तर ती कामावर गेलेली असताना तिचं सामान जिन्यात आणून ठेवलं. तिने घरी फोन केला तो त्या जिन्यात बसूनच. रडली नाही. ती रडली असती तर आप्पांना एक वेळ सोसलं असतं. तिने शांतपणे विचारलं, "आप्पा, कंटेनरचं घर कितपत टिकतं हो?"

हे घर म्हणजे ट्रकवर मावेल असा एक डबा. मुक्कामी नेऊन ठेवायचा आणि हँडल फिरवायचं. हँडलला गुंडाळणाऱ्या तारेने छप्पर वर ओढलं जातं, घडी घातलेली जमीन खाली उतरते, मग भिंती ओढून उभ्या करायच्या. डाव्या बाजूला झोपायची खोली, उजव्या बाजूला बसायची. मधल्या भागात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, ते जागचं हलत नाही.

"साहित्य तुम्ही निवडा," मुलगी म्हणाली. "तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय स्क्रूसुद्धा लागणार नाही. माझी अट एकच. ते मला एकटीला उघडता आलं पाहिजे. कुणाला हाक न मारता."

"गवंड्याची पोर डब्यात राहणार," असं म्हणून आप्पांनी नाक मुरडलं. पण दुसऱ्या दिवशी चहा व्हायच्या आत स्वारी असले डबे बनवणाऱ्या वर्कशॉपच्या फाटकात हजर.

त्यानंतरचे दिवस त्यांच्या बायकोने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. वर्कशॉपचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, नमुने देत गेले आणि आप्पा ते घरी आणत गेले. पत्र्याच्या तुकड्यांवर खिळ्याने ओरखडे काढून ते मिठाच्या पाण्याच्या फडक्यात गुंडाळले. ज्याला गंज चढला तो बाद. जमिनीच्या फळ्या अंघोळीच्या बादलीत बुडाल्या आणि घरच्यांनी तांब्यातांब्याने अंघोळी केल्या. भिंतीत भरायच्या फोमचा कपटा चिमट्यात धरून गॅसवर नेला, तर तो भडकून काळे थेंब गाळायला लागला. "हे माझ्या पोरीच्या उशाशी ठेवणार होता?" हे आप्पांनी शेठना अशा काही आवाजात विचारलं, की तो नमुना शेठनी पुन्हा कुणालाच दाखवला नाही. दगड वितळवून त्याच्या धाग्यांची केलेली दगडी लोकर मात्र ज्योत लागली तरी ढिम्म. ती पास झाली.

"अहो, हे काय आहे?" बायकोने एकदा फ्रीजर उघडून विचारलं. मटारच्या पिशवीखाली काळी वेटोळी पडली होती.

"सांध्याचं रबर. थंडीत ताठ होतंय का बघतोय."

"आणि गच्चीत वाळत घातलंय ते?"

"ते त्याचं जुळं भावंड. उन्हात चिरतंय का बघतोय."

तिने मटार काढले आणि फ्रीजर लावून टाकला. पण संध्याकाळी तिनेच ते रबर बाहेर काढून वाकवून पाहिलं, हे आप्पांनी दारातून बघितलं. हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं.

निवडलेलं सगळं अव्वल होतं, यात शंका नाही. फक्त प्रत्येक गोष्ट लागते त्याहून एक नंबर जाड घ्यायची, हा आप्पांचा खाक्या. पत्रा जाड, सिमेंटची फळी जाड, खिडकीला दुहेरी काच. ज्याच्यावर बोट आपटलं की भरीव आवाज येतो ते चांगलं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. शेठ एकदा चाचरत म्हणालेही, "आप्पा, वजन जरा..." त्यावर आप्पा म्हणाले, "घर आहे शेठ, पतंग नाही." शेठनी वहीत जाड पत्रा लिहून घेतला.

चाचणीच्या दिवशी वर्कशॉपच्या अंगणात डबा उभा होता, करड्या रंगाचा, देखणा. मुलगी बाह्या सरसावून हँडलपाशी गेली. पहिले काही फेरे बरे गेले. छप्पर कुरकुरत वर निघालं आणि मग हँडल जड होत गेलं. तिने चौकटीला पाय लावला. मानेच्या शिरा फुगल्या. दोन कामगार पुढे झाले तशी ती म्हणाली, "कुणी हात लावू नका." अंगाचा सगळा भार तिने हँडलवर टाकला आणि त्याला लोंबकळली, पण ते हललं नाही. छप्पर उघड्या पेटीच्या झाकणासारखं अर्धवट राहिलं.

ती बाजूला झाली. तळहात लाल झाले होते, ते तिने ओढणीत लपवले. "असू दे आप्पा," ती म्हणाली. "सामान एकदम छान निवडलंय तुम्ही. उघडायच्या वेळी बोलवीन मी कुणालातरी."

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. कुणालातरी बोलवावं लागू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप होता. लेकीला जिन्यातून उठवून आपण पुन्हा कुणाच्यातरी दारात उभं केलं, असं आप्पांना वाटलं आणि रात्री त्यांनी पुढचं ताट बाजूला सारलं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

बायकोने ताट पुढे सरकवलं. "एक विचारू? कामावर घमेलं भरायचात, ते काय बघून भरायचात?"

लग्नानंतरची कितीतरी वर्षं ती आप्पांच्याच हाताखाली माल वाहत होती. आणि आप्पांचं घमेलं भरणं सगळीकडे नावाजलेलं होतं. ते आधी घमेलं बघत नसत, उचलणारा बघत. कुणाची मान बारीक, कुणी कालच तापातून उठलेलं, कुणी उगाच फुशारकी मारणारा, त्या मानाने फावडं पडायचं. काठोकाठ भरणाऱ्या गवंड्यांना ते शिव्या घालत. म्हणत, वर पोचेल तेवढाच माल खरा. आणि पोटच्या पोरीचं घमेलं भरताना त्यांनी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते शेठकडे गेले ते बायकोला घेऊन आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत टाकून.

"शेठ, चुकलो. सगळं परत मांडू."

शेठ खरोखर भला माणूस. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग चहा. आणि तिघं कामाला लागले. जे जागचं हलत नाही तिथे जड माल राहू द्यायचा: चुलीमागे दगडी लोकर, न्हाणीघराखाली सिमेंटची फळी. जे उचलायचं, उलगडायचं, तिथे हलकं, पण परीक्षेला उतरलेलं. छपराचा पत्रा पातळ, त्याला उभ्या-आडव्या घड्या पाडून ताठ केलेला, गंजाला मात्र तितकाच दाद न देणारा. उलगडणाऱ्या भिंतींत दुसरा फोम, जो ज्योतीतून काढला की आपोआप विझतो. तो आप्पांनी स्वतः पुन्हा पुन्हा पेटवून पाहिला. बिजागऱ्या आणि रबर यांत मात्र तसूभर तडजोड नाही. आणि प्रत्येक तुकडा काट्यावरून उतरला, की आप्पा बायकोच्या हातात देत आणि तिच्या मानेकडे बघत.

दुसऱ्या चाचणीला आप्पा हात पाठीमागे बांधून उभे राहिले. ते सुटू नयेत म्हणून बायकोने त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं. मुलीने हँडल धरलं. छप्पर वर गेलं, वर गेलं आणि जागेवर बसलं. जमीन उतरली. तिने एकेक भिंत ओढली, तशी ती रबरावर अलगद टेकत गेली. शेठनी पाण्याचा पाइप सांध्यांवर धरला. आत थेंब आला नाही. आता फक्त मुलीचा श्वास ऐकू येत होता आणि ती हसत होती. काय पोर आहे, आप्पांच्या मनात आलं. आयुष्यभर एवढी घरं उभी केली, पण एका माणसाने एका दमात घर उभं केलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. आत ती चालत असल्याचा, खिडकी उघडल्याचा, नळ सोडल्याचा आवाज येत राहिला.

आप्पांचं मनगट मोकळं झालं होतं. ते भिंतीपाशी गेले. बोट दुमडलं. टकटक. आवाज अगदी पोकळ आला, डबा वाजावा तसा. निकाल द्यायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून मुलीने विचारलं, "कोण आहे?"

आप्पा थबकले. आजवर त्यांनी किती भिंती वाजवल्या होत्या, पण आतून असं कुणी विचारलं नव्हतं. ज्या घरांत ते कामाला वावरले ती सगळी अर्धी बांधलेली. तिथे चुन्यामातीच्या पायांनी हवं तिथून आत जायचं आणि माणसं राहायला यायच्या आधी निघायचं.

"मी," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "आप्पा आहे गं. येऊ का आत?"

"थांबा, उघडते."

दार उघडायच्या आत आप्पांनी वाकून, गुडघ्यांना न जुमानता, चपला काढून बाहेर ठेवल्या.