थांबलेल्या घड्याळाचे ठोके

रविवारी चर्च सुटलं की आमचं घड्याळवाल्यांचं अर्धं यौरे गाव लाकडी जोडे दारात काढून फ्राउक्येच्या घरात घुसायचं. भिंतीवर तिच्या नवऱ्यानं, हिद्देनं, घडवलेलं घड्याळ होतं: बाजूंना शिशाच्या जलपऱ्या, आत हातानं कानस मारलेली पितळी चाकं. हिद्दे गेला तेव्हा रीतीप्रमाणे लंबक थांबवला. दफन झालं की तो पुन्हा हलवतात. पण बंधू लांबेर्तुस नावाचा फिरता उपदेशक मध्ये पडला. "हात लावाल तर आत्मा निघून जाईल," म्हणाला. आणि बंद घड्याळ त्याच्या प्रश्नांना ठोके देऊन होकार भरू लागलं.

"हिद्दे, घर आणि घड्याळांचा कारखाना प्रभूच्या कामाला द्यायचा ना?" अशाच एका रविवारी लांबेर्तुसनं डोळे मिटून सूर लावला.

ठण, ठण, ठण.

बायकांनी उघड हुंदके दिले. फ्राउक्ये म्हणाली, "त्याचीच इच्छा असेल तर उद्या सही करते."

मी घड्याळांच्या तबकड्या रंगवतो. कारखान्यात हिद्देच्या शेजारी बसून जन्म काढला. चालण्याची चाकं वेगळी, ठोक्यांची वेगळी. लंबक थांबला तरी ठोक्यांचा खटका कुणी उचलला तर घंटा वाजणारच. घंटा वाजली की ठोक्यांची चाकं फिरवणारं दोरीवरचं शिशाचं वजन किंचित खाली सरकत होतं. मी पुढे होऊन ते काढून घेतलं.

"पाप लागेल तुला," लांबेर्तुस म्हणाला.

"लागू दे. आता विचारा. आत्म्याला शिशाचा गोळा कशाला लागतो?"

त्यानं विचारलं, पुन्हा विचारलं. हिद्दे मुका झाला होता.

मी घड्याळ उघडून पाहिलं, तर खटक्याला घोड्याचा केस बांधला होता. तो भिंतीच्या भोकातून पलीकडे गेला होता. आमच्याकडे भिंतीतल्या कपाटात दारं लावून निजतात. त्या कपाटात हिद्देचा सख्खा भाऊ वीबे होता, भावाच्या दुःखानं अंथरूण धरलेला. फ्राउक्येनंच दारं उघडली. केसाचं टोक त्याच्या बोटाला गुंडाळलेलं होतं.

"वहिनी, या घरावर माझाही काही हक्क होता. लांबेर्तुस त्यातला वाटा देणार होता," तो खाली बघत म्हणाला.

"मागितला असतास तर दिला असता. रोज ताकातली लापशी भरवली तुला. आणि नवऱ्याला जिवंतपणी जे सांगता आलं नाही, ते सगळं मी या घड्याळापुढे बोलले, वीबे. तू आत पडून ऐकलंस."

लांबेर्तुस तोवर दुसऱ्याच कुणाचे जोडे घालून पसार झाला होता. त्याचा मला राग नाही, तो परकाच होता. राग आहे तो वीबेचा, आणि ते ठोके ऐकून माना डोलावणाऱ्या आम्हा घड्याळवाल्यांचा. देव माना, न माना. पण "हात लावू नका" असं कुणी म्हणालं, तर आधी हात लावून बघा.