अंगचटीला येतो

ग्रंथालयाच्या तळघरात जुन्या पुस्तकांची डागडुजी चाले. तिथल्या मुख्य बाइंडरला सगळे मोठ्या बाई म्हणत. वीस वर्षं खळ, पुठ्ठा आणि दोऱ्यात गेलेली. कामात वाघीण, पण माणसांपासून जरा राखून असायच्या. बोलताना मध्ये टेबल असलं की त्यांना बरं वाटे.

त्यांच्या हाताखाली एक नवा बाइंडर आला. साठीला टेकलेला, बायकोला घेऊन परमुलखातून मुलीकडे राहायला आलेला. भाषा मोडकीतोडकी, पण हात असा की चिंध्या झालेलं पुस्तक पुढ्यात ठेवावं आणि त्यानं ते उभं करून द्यावं. अडचण एकच. काही विचारायचं झालं की तो थेट अंगाशी येऊन उभा राही. त्याच्या तोंडातल्या खोकल्याच्या गोळीचा वास बाईंच्या नाकात जाई. कोपराला हात लावून तो विचारी, "बाई, हा दोरा की तो?"

बाई पाऊलभर मागे सरकत, तो पाऊलभर पुढे येई. एकदा तर ही वरात कपाटापासून निघाली ती थेट दाबयंत्रापाशी पोचली, आणि बाईंची पाठ लोखंडी चाकावर आपटली.

खळ ढवळणाऱ्या दोघी फिदीफिदी हसल्या. "बाई, चुंबक चिकटला हो तुम्हाला!"

बाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. त्याच्या नजरेत वावगं काही नव्हतं, हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. राग त्या हसण्याचा होता. पण हसण्याबद्दल तक्रार कशी करणार? मग त्यांनी त्याच्याविरुद्ध अर्ज लिहिला. 'फार जवळ उभा राहतो' असं लिहायला घेतलं, पण तेवढ्यानं साहेब हलायचे नाहीत असं वाटून 'अंगचटीला येतो' असं लिहिलं.

"एकदा समजावून बघितलंत का?" साहेबांनी विचारलं.

"बघितलं की," बाई बोलून गेल्या. बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाइंडरच्या हातात बदलीचा कागद पडला आणि तो गोदामात खोकी उचलायला लागला. दोघींचं हसणं बंद झालं. बाईंना मात्र जेवणाचा डबा उघडावासा वाटेना.

आठवडाभरानं त्याची बायको त्याची हत्यारं न्यायला आली: टोचा, सुरी आणि हाडाची घडीपट्टी. आली ती सरळ बाईंना भिडली. दोन्ही हात हातात घेतले, चेहरा वीतभर अंतरावर आणला. बाईंची टाच मागे उचलली गेली.

"रागावू नका," बायको अडखळत, कळवळून म्हणाली आणि आणखी जवळ आली. "आमच्याकडे रागावलेलं माणूस मागे जातं. हे घरी सांगायचे, बाई मागे जातात, माझं काहीतरी चुकतंय. म्हणून समजूत काढायला ते पुढे यायचे."

बाईंनी उचललेली टाच खाली टेकवली.

"एक सांगाल?" बायकोनं घडी केलेला कागद काढला. "हे आम्हाला वाचता येत नाही. मुलीनं वाचलं, पण अर्थ सांगत नाही. तेव्हापासून बापाशी बोलतही नाही. काय लिहिलंय इथं?"

अक्षर टंकलेलं होतं, शब्द बाईंचा होता.

"खोटं लिहिलंय," बाई कशाबशा म्हणाल्या. "मी लिहिलंय."

त्या तडक साहेबांकडे गेल्या. समजावून सांगितलंच नव्हतं, हेही त्यांनी कबूल केलं. साहेब चिडले, पण बदली रद्द केली. 'त्यांनी कोणतंही गैरवर्तन केलेलं नाही, मी खोटी तक्रार केली,' असं बाईंनी लिहून सही केली आणि त्या कागदाची एक प्रत घेतली.

संध्याकाळी त्या त्याच्या घरी गेल्या. दार मुलीनं उघडलं. तिनं उंबऱ्यातच कागद वाचला.

"इतके दिवस मी बाबांकडे बघितलं नाही," ती म्हणाली. "जेवायलाही बसले नाही त्यांच्याबरोबर. हा शब्द तुम्हाला सुचला तरी कसा?"

आतून बाप पुढे आला आणि खोलीच्या मध्यावरच थांबला.

"माझं चुकलं," बाई त्याला म्हणाल्या. "तुम्ही वाईट वागलात असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं."

शब्दाचा अर्थ मुलीनं त्याला त्यांच्या भाषेत, हळू आवाजात सांगितला. मग म्हातारा म्हणाला, "तुम्ही मला सांगायचं होतं, बाई. लांब उभा राहा म्हणून. मी राहिलो असतो."

बाईंना कुणी आत या म्हटलं नाही, आणि त्यांनीही तशी आशा ठेवली नाही.

सोमवारी तो तळघरात परत आला. बाईंनी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, खळ ढवळणाऱ्या दोघी मान खाली घालून ऐकत होत्या. काम पूर्वीसारखं सुरू झालं. दुपारी त्याला शिवणीबद्दल शंका आली, तेव्हा त्यानं आपल्या जागेवरूनच पुस्तक उंच धरलं.

"इकडे या, नीट दिसत नाही," बाई म्हणाल्या.

तो दोन पावलं आला आणि थांबला. पुस्तक त्यानं टेबलावर ठेवलं, हळूच बाईंच्या दिशेनं सरकवलं आणि हात मागे बांधून उभा राहिला. आणखी जवळ या, असं म्हणायला बाईंची जीभ रेटली नाही. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि शिवण तपासली. एकही टाका चुकलेला नव्हता.