ओढ्यापल्याडचं माहेर

जालना वेगळा जिल्हा झाल्याचं बानाबाईला नवऱ्याकडून कळलं. मुंजाबा चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला जायचा. विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे असोत की सरकारचा नवा हुकूम, शहरातलं सगळं तोच घरी आणायचा. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "तुझं माहेर गेलं बघ दुसऱ्या जिल्ह्यात. ओढ्यापल्याड समदं जालन्याचं."

वडिलांनी आंदण दिलेल्या मेंढ्यांवरून भावाशी, सूर्यभानशी, वाजलं तेव्हापासून बानाबाईचं जाणं-येणं तुटलं होतं. पण आजवर ते रुसलेलं माहेर होतं. आता ते परकं झालं.

सकाळी तिनं मेंढरं उगवतीला वळवली. वैशाखाचं रान पाण्यासारखं हलत होतं. बाभळी जमिनीपासून सुटून तरंगत होत्या. झोपेत चालावं तशी ती कळपामागं चालली. हद्द कशी असंल? तारंचं कुंपण, की तिथनं मातीचाच रंग बदलत असंल?

ओढा आला. कोरडा, नेहमीसारखाच. तेवढ्यात पलीकडच्या झळांतून एक काळा कळप ढगासारखा खाली उतरला आणि तिच्या मेंढरांत मिसळून गेला. मागं खांद्यावर घोंगडी टाकलेला माणूस. तीच संथ चाल.

"आबा!" तिच्या तोंडून निघून गेलं. वडील जाऊन तर किती वर्षं झाली होती.

"आबा नाय, मी हाय," सूर्यभान म्हणाला. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. "हिकडं कुठं?"

"हद्द बघाया आले."

"मी बी. घावली?"

"नाय."

सूर्यभाननं गुडघे टेकून हातानं वाळू उकरली. खड्ड्यात हळूहळू पाणी पाझरलं. "आधी तू पी," तो म्हणाला. ती प्याली. पाणी गार होतं.

"आईला आता दिसत नाय," तो खाली बघत म्हणाला. "मेंढरं आली की कान लावून बसती. बाना आली का, म्हणती."

बानाबाई घाईनं उठली, आपली मेंढरं निवडायला लागली.

"ऱ्हाऊ दे. समदी घेऊन चल," सूर्यभान म्हणाला.

ओसरीवर आईनं तिचा चेहरा बोटांनी चाचपला. "लई लांबनं आलीस व्हय?"

"नाय आई. हितंच व्हते."

मुंजाबा दुसऱ्या दिवशी सायकलवर शोधत आला, तेव्हा बहीणभाऊ मेंढरांच्या वाड्यात बसून कळप निवडत होते. घाई कुणालाच नव्हती.