एकोणीस इंच

कुसुमताईंनी हॉस्पिटलच्या पलंगावरूनच जाहीर केलं, की घरी यायचं की खराडीला पूर्णिमाकडे जायचं, हे त्या शनिवारी चार वाजता सुट्टी मिळाल्यावर ठरवतील. उजवा गुडघा नवा बसवलेला होता. बसायची जागा जमिनीपासून एकोणीस इंच हवी, त्याहून खाली बसायचं नाव काढायचं नाही, असं व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं बजावलं होतं. शनिवार पेठेतल्या त्यांच्या सोफ्याची उंची भरत होती सोळा. धाकट्या बहिणीकडे, म्हणजे पूर्णिमाकडे, उंच सोफा होता, लिफ्ट होती, आणि मुख्य म्हणजे तिच्या घरातली माणसं एकमेकांशी बोलत होती.

हे शेवटचं त्यांच्या यजमानांना, श्यामसुंदररावांना, झोंबावं म्हणूनच म्हटलेलं होतं. कारण त्यांच्यात आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलीत, स्वरालीत, आठ महिने अबोला होता, आणि त्याच्या मुळाशी होतं एक पत्र.

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला पत्र लिहिल्याशिवाय करमत नाही. निवृत्त झाल्यावर श्यामसुंदररावांनी महापालिकेला लिहिलं, वीज कंपनीला लिहिलं, झाकण नीट न लावणाऱ्या दूधवाल्यालाही लिहिलं. तिथवर ठीक होतं. मग त्यांनी स्वरालीच्या खराडीतल्या कंपनीच्या प्रमुखाला पोचपावतीसह एक पत्र धाडलं. विषय, कर्मचाऱ्यांच्या कामाच्या वेळांबाबत. माझी कन्या रात्री अकरा वाजता घरी परतते, हे आपल्या संस्थेस शोभते काय, अशी सुरुवात, आणि सोबत दोन महिन्यांचा तारीखवार तक्ता, परतण्याच्या वेळांचा, मिनिटांसकट.

स्वरालीच्या हाताखाली अकरा माणसं काम करत होती. त्या अकराही जणांच्या मोबाइलवर तो तक्ता संध्याकाळच्या आत पोचला. ती घरी आली आणि पूर्णिमामावशीच्या देखत म्हणाली, की बाबांना वेड लागलंय. पत्रामुळे तिनं बोलणं टाकलं, आणि त्या एका वाक्यामुळे त्यांनी.

तेव्हापासून घरातला सगळा कारभार कुसुमताईंमार्फत चालला होता. हिला सांग, गीझर चालू राहिलाय. बाबांना सांग, रक्तदाबाच्या गोळ्या आणल्यात. बाप बाहेरच्या खोलीत, लेक आतल्या, आणि मधल्या मध्ये कुसुमताईंच्या येरझाऱ्या. त्या हॉस्पिटलात गेल्या तरी यात खंड पडला नाही. श्यामसुंदरराव बाहेरच्या खोलीतून हॉस्पिटलला फोन करायचे, की आज पोळ्या नकोत, भातच पुरे. मग कुसुमताई तिथून स्वयंपाकघरातल्या स्वरालीला फोन करायच्या. दोन फोनांमधलं अंतर होतं बारा पावलांचं. चौथ्या दिवशी कुसुमताईंचा संयम संपला.

"या निरोपांनीच माझा गुडघा गेला," त्या म्हणाल्या. "नवा मी त्यासाठी बसवून घेतलेला नाही. तुमचं सुरळीत होत नसेल, तर मी तीन महिने पूर्णिमाकडे राहते."

श्यामसुंदरराव घाबरले. तीन महिन्यांची भीती नव्हती तितकी, भीती होती ती वेगळीच. कुसुमला तिथे बरं वाटायला लागलं तर? चार दिवसांतच घर त्यांना खायला उठलं होतं. पण हिशेबी माणसाला जे मोजता येतं तेच आधी दिसतं. बाईसाहेबांच्या बोलण्यातलं निम्मं त्यांनी सोडून दिलं आणि उरलेले तीन इंच मनावर घेतले.

शुक्रवारी कसब्यातल्या रंगराव गादीवाल्याकडून तीन इंचांचा फोम काखेत मारून त्यांनी घरी आणला. शनिवारी सकाळी दहाला कामाला सुरुवात केली. सोफ्याच्या मधल्या कुशनचं कव्हर काढायचं, आतल्या जुन्या फोमवर नवा ठेवायचा आणि दोन्ही मिळून पुन्हा कव्हरात भरायचे, असा बेत. कव्हर शिवलं होतं एका फोमाच्या मापानं. पण फोम बाहेर दिसला तर घराला शोभेल काय, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर बोलायला कोणी नव्हतं. त्यांनी दाबलं, कोंबलं, कुशनवर गुडघा रोवला आणि मागची चेन खेचली. चेन अर्ध्यावर आली, आणि रनर एका बाजूच्या दातांवरून सुटून त्यांच्या हातात आला. मागोमाग लागलेली चेनही पार शेवटापर्यंत उसवत गेली. त्यांनी जो शब्द उच्चारला, तो त्यांच्या एकाही पत्रात सापडला नसता.

चेन न लागलेल्या कव्हरातून फोम सरकणार. त्यावरून कुसुम घसरली तर नव्या गुडघ्याचं काय, या विचारानं त्यांना घाम फुटला. रंगरावांना फोन केला तर ते म्हणाले, गुरुवारी आणा, आणि ठेवून दिला.

मग घरीच. त्यांनी कव्हराच्या टोकाची शिवण ब्लेडनं दोन इंच उसवली. ढिला झालेला रनर पकडीनं दोन्ही कडांना अलगद दाबला. चेनच्या दातांवरून मेणबत्ती फिरवली. इथवर सगळं बिनचूक. पुढे चेनच्या दोन्ही पट्ट्या एकाच वेळी, एका रेषेत, रनरच्या दोन तोंडांत सरकवायच्या होत्या, आणि देवानं माणसाला हात दिलेत दोन. डावी पट्टी गेली की उजवी निसटायची. उजवी धरली की रनर खाली पडायचा. कपड्यांचे चिमटे लावून पाहिले, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून पाहिलं. दीड वाजला.

स्वराली सकाळपासून जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. तिनं तो मिटला, येऊन त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घातली, आणि दोन्ही पट्ट्या जुळवून चिमटीत घट्ट धरल्या. श्यामसुंदररावांनी रनर पुढे केला. तो अडला. डावी पट्टी एक दात वर गेली होती. त्यांचा हात सवयीनं फोनकडे निघाला, पण रनर सोडला असता तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं.

"डावी वर गेलीय," शेवटी ते कव्हराला उद्देशून म्हणाले.

"माझी डावी की तुमची?"

"माझी."

तिनं पट्टी दाताभर खाली घेतली. रनर दोन्ही बाजूंनी आत शिरला आणि चेन सरसर मिटत गेली. स्वरालीनं सुईदोऱ्यानं टोक पक्कं शिवलं. तिचे टाके आईसारखेच बारीक पडतात, हे त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं. मन भरून आलं आणि त्या भरात त्यांनी चेन पुन्हा उघडून दोन्ही फोम उचलले.

"बाबा, तो आत घालू नका," स्वराली म्हणाली. "नवा फोम खाली सोफ्यावर ठेवा. जुना कव्हरात घालून ते कुशन त्याच्यावर. खालच्यावर चादर टाकली की झालं."

श्यामसुंदरराव फोम हातात धरून उभे राहिले. इतकं सोपं होतं.

"हे तुला सकाळी सुचलं नाही?"

"तुम्ही पहिल्यांदा कोंबायला लागलात तेव्हाच सुचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणामार्फत बोलू? आई हॉस्पिटलात आहे."

फोम खाली ठेवून ते उघड्या सोफ्यावर बसले. स्वराली बोटांवरचं मेण खरवडत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "पत्राचंही असंच झालं. काळजी वाटत होती तर मला सांगायचं होतं. मी याच घरात होते."

नियम, कायदा, कामाचे तास, सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण समोर कुठली कंपनी नव्हती, मेणानं माखलेल्या बोटांची त्यांची पोर होती.

"तुला सांगायची लाज वाटायची," ते म्हणाले. "साडेनवापासून खिडकीशी उभा असायचो. तुझी गाडी आली की पळत जाऊन झोपल्याचं सोंग घ्यायचो. हे कसं सांगणार? म्हणून लिहिलं." जरा थांबून ते म्हणाले, "चुकलं माझं."

स्वरालीला रडू आलं. ते तिनं दडवलंही नाही. वेड लागल्याचं आपण म्हणायला नको होतं, मावशीसमोर तर नकोच होतं, असं ती नाक पुसत म्हणाली. उशीर होणार असेल तेव्हा तसं कळवेन, पण ते खिडकीशी उभं राहणं बंद करा, असंही. त्यांनी खिडकीबाबत शब्द दिला नाही. खुर्ची घेऊन बसेन, एवढ्यावर आले.

मग त्यांनी मिळून सोफा लावला. नवा फोम, त्यावर चादर, त्यावर कुशन, चेन मागच्या अंगाला. टेपनं मोजलं तर एकोणीस पूर्ण. पण बसल्यावर फोम दबतो, म्हणून स्वरालीनं बापाला बसवलं आणि मोजलं, तर साडेसतरा. खाली प्लायवुडची फळी हवी, असं ती म्हणाली. फळीनं कुशन घसरेल, असं ते म्हणाले. फळीवर रबरी चटई टाकली तर नाही घसरणार, असं तिनं म्हटल्यावर त्यांनी माळ्यावरून फळ्या काढल्या, न्हाणीघरातली चटई आणली, पण चूक मान्य केली नाही. या ओघात तिनं त्यांना ऐकवलं, की त्या तक्त्यातली चौदा तारखेची वेळ साफ चुकीची होती, त्या दिवशी ती दहा वीसला घरात होती. श्यामसुंदररावांचा तोल गेला. तक्त्यात चूक? त्यांच्या? घड्याळात बघून लिहिलेल्या? तिनं मोबाइल काढला आणि जुन्या नोंदी शोधायला लागली.

तेवढ्यात कुसुमताईंचा फोन आला. चारला पाच मिनिटं कमी होती. सुट्टीचे कागद झालेत, पूर्णिमा गाडी घेऊन आलीय, शेजारीच उभी आहे, सोफा किती झाला, असं त्यांनी विचारलं.

"बसून सव्वाएकोणीस," श्यामसुंदरराव म्हणाले. "दोन फळ्या घातल्यात. स्वराली म्हणते एकच पुरे होती. तिला काय कळतंय त्यातलं."

"ती म्हणते? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? ही काय, समोर उभी आहे. आम्ही भांडतोय."

खराडी नको, गाडी शनिवार पेठेत घे, असं कुसुमताई आधी बहिणीला म्हणाल्या आणि मग फोनमध्ये.

"घरीच येते," त्या म्हणाल्या. "मी पोचेपर्यंत भांडण संपवू नका."