पाचव्या मजल्यावरची पिवळी ज्योत

मी भिंतीवरचा गॅसचा हीटर बोलतोय. सध्या मुक्काम ब्युनोस आयर्सच्या कोर्टाचं गोदाम, मुद्देमालाची मांडणी. माझ्या अंगाला सुतळीने एक पुठ्ठा बांधलाय आणि त्यावर खटल्याचा नंबर आहे. पूर्वी लोक हात पुढे करून माझ्याजवळ यायचे. आता येतात ते हातमोजे घालून.

माझा जन्म शहराच्या दक्षिणेला एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथून मला बालवानेरा भागातल्या एका जुन्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर, नेलिदाबाईंच्या घरी बसवलं. बाई एकट्या राहायच्या आणि लग्नाचे पोशाख शिवायच्या. हिवाळाभर माझ्यासमोर बसून त्या बोटं शेकायच्या आणि पुन्हा टाके घालायच्या. दर एप्रिलला, थंडी सुरू व्हायच्या आधी, त्या एत्तोरे नावाच्या गॅसवाल्याला बोलावत. तो मला उघडायचा, पुसायचा आणि छतापर्यंत गेलेला माझा धुराचा नळ तपासायचा. भिंतीत खाली एक जाळी होती, तिथून बाहेरची हवा आत यायची. ती जाळीही तो ब्रशने झाडायचा.

"ज्योत निळी आहे तोवर खुशाल झोपा," तो म्हणायचा. "पिवळी दिसली, की आधी मला बंद करायचं... म्हणजे याला, आणि मग मला बोलवायचं."

बाई हसायच्या. त्या घरात माझी ज्योत एकोणीस हिवाळे निळी राहिली.

बाई गेल्या आणि घर त्यांच्या पुतण्याकडे, फाब्रिसियोकडे आलं. माणूस वाईट नव्हता, आळशी होता. त्याने शिवणयंत्र विकलं, भिंती पांढऱ्या केल्या आणि तो घर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला लागला. रंगाऱ्याची शिडी माझ्या नळाला लागली आणि वरचा सांधा सुटला. फाब्रिसियोने तो हाताने दाबून बसवला. पुढे एका पाहुणीने लेखी तक्रार केली, की खोली छान आहे, पण पायाशी गार वारा लागतो. त्याने दुसऱ्याच दिवशी भिंतीतल्या जाळीवर नाचणाऱ्या जोडप्याचं मोठं चित्र आणून ठोकलं. चारही कडांना चिकटपट्टी लावली. वारा थांबला.

माझा श्वासही तिथेच थांबला. त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा पिवळा जळलो. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळलेला गॅस, वास नसलेलं विष, आणि ते सुटलेल्या सांध्यातून खोलीत उतरायचं. माझ्या वर भिंतीला काळा डाग पडू लागला, तसा तो त्यावर रंग मारायचा. तीन वेळा मारला. पाहुणे घरात फारसे थांबायचे नाहीत. सामान टाकून शहर बघायला जायचे, त्यामुळे मीही फार वेळ पेटायचो नाही. मला रोज वाटायचं, एक दिवस कोणीतरी इथे थकून येईल आणि दिवसभर आत बसेल.

ऐन हिवाळ्यात, जुलैच्या एका शनिवारी ते आले.

रूबेन, त्याची बायको मिर्ता आणि सतरा वर्षांची मुलगी नोएलिआ. ओलावारियाहून पाच तासांचा प्रवास करून आले होते. रूबेन लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर. सकाळी फोन आला, की आज तुझी फेरी रद्द. मिर्ता म्हणाली, मग आपणच जाऊ या की! अर्ध्या तासात घराला कुलूप. राहायची जागा नोएलिआने बसमध्ये बसून फोनवर शोधली. हे सगळं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं.

"हजार वेळा आलोय मी या शहरात," रूबेन बूट काढत म्हणाला, "आणि पाहिलं काय? बसस्टँड आणि ड्रायव्हर लोकांचा संडास."

"सव्वीस वर्षं हेच ऐकतेय," मिर्ता म्हणाली. "आज दाखव म्हटलं, तर साहेब रस्ता विचारत आले."

"पायी कोण शोधतं रस्ते? बस दे हातात, मग बघ."

"पप्पा, आधी हा बघा ना!" नोएलिआ माझ्यासमोर बसली. "याच्यासाठीच तर मी ही जागा घेतली. फोटोत कसला सोनेरी दिसत होता."

फाब्रिसियोने माझ्या पिवळ्या ज्योतीचा फोटो काढला होता. लोकांना ती आवडायची.

बाहेर पाऊस आणि बोचरी थंडी होती. रूबेनने माझी चावी शेवटपर्यंत फिरवली. "अहाहा! जाडे," तो मिर्ताला लाडाने म्हणाला, "आपल्याकडे असा असता, तर तुझे गुडघे कुरकुरले असते का?"

त्यांनी घरून आणलेले मांसाचे तळलेले काप पावात घालून खाल्ले. मग 'माते' नावाच्या चहाचं भांडं फिरलं. एकाच नळीने तिघं आळीपाळीने तो कडू चहा ओढत होते. संध्याकाळी कोरिएन्तेस रस्त्यावर फिरायचं, उभ्याने पिझ्झा खायचा आणि मिर्ताला पाहिजे तितकी दुकानं बघायची, असं ठरलं. तोवर पाऊस थांबेपर्यंत आराम.

खिडकीच्या काचांवर आतून पाणी जमलं. नोएलिआने त्यावर बोटाने तिघांची नावं लिहिली. इतकं पाणी का जमतंय, हे कोणी विचारलं नाही. मी ओरडत होतो. माझं ओरडणं म्हणजे काय, तर ज्योतीची फडफड आणि पत्र्याची टकटक.

"डोकं जड झालंय माझं," मिर्ता म्हणाली.

"बसचं आहे ते. मला तर रोज होतं, कधी बोललो?"

"माझंपण दुखतंय," नोएलिआ म्हणाली. "मळमळतंय. खिडकी उघडू जरा?"

"वेडी का तू? एवढी ऊब बाहेर घालवायची?" रूबेन माझ्या शेजारच्या पलंगावर आडवा होत म्हणाला. "दोघींचं एकदम दुखतं, नाटकी घराणं! जा, खालून गोळ्या आण. तासभर झोपतो आम्ही. आणि छत्री ने गं, राजा."

नोएलिआ गेली. दार ओढून घेतलं, त्याला आपोआप कुलूप लागलं. किल्ली आत टेबलावरच राहिली.

कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान बंद होतं, हे पुढे सुनावणीत तिच्याच तोंडून कळलं. पुढच्या दुकानात रांग. बाहेरच्या हवेत तिचं डोकं दुखायचं आपोआप थांबलं होतं. सव्वाचारला ती परत आली. मला दारावर टकटक ऐकू आली.

"आई? पप्पा?"

मग थोडं थांबून पुन्हा टकटक, आधीपेक्षा हळू. मग ती जिन्याच्या पायरीवर बसली. तिच्या कागदी पिशवीचा आवाज येत होता, तिने वाटेत गोड पाव घेतले होते. तासभर झोपतो म्हणालेत, झोपू द्यावं, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मी जळत राहिलो. स्वतःला विझवता येत नाही मला.

अर्ध्या तासाने समोरच्या हायदेबाई भाजी घेऊन वर आल्या.

"इथे का बसलीस गं, पोरी?"

"आईपप्पा झोपलेत. थकलेत खूप. टकटक केली, पण उठत नाहीत."

हायदेबाई दाराजवळ आल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "आत हीटर लावलाय?"

"हो."

पिशवी खाली पडल्याचा आवाज आला. बाई जिन्यातून ओरडत खाली धावल्या आणि रखवालदार दुसरी किल्ली घेऊन वर आला. कुलूप उघडलं, पण दार अर्धंच सरकलं. मिर्ता दाराला टेकून पडली होती. केव्हातरी ती उठली होती आणि तिथवर पोहोचली होती. तिचं तोंड दाराखालच्या फटीपाशी होतं. पायरीवर बसलेली लेक तिच्यापासून हातभर अंतरावर होती. रखवालदाराने मफलर नाकाशी धरून खिडक्या फोडल्या आणि माझी चावी बंद केली.

मिर्ता वाचली. अकरा दिवसांनी दवाखान्यातून बाहेर आली. रूबेन वाचला नाही.

गेल्या महिन्यात मला सुनावणीला नेलं. मेजावर ठेवलं. फाब्रिसियो मान खाली घालून म्हणाला, की मला गॅसमधलं काही कळत नाही. मग नोएलिआला विचारलं. ती पूर्ण वेळ माझ्याकडे बघून बोलली. शेवटी म्हणाली, "मी बाहेरच होते. अर्धा तास पाव धरून बसले होते. मी दार फोडलं असतं, तर पप्पा वाचले असते."

 डॉक्टरांनी रूबेनच्या मृत्यूची वेळ नक्की सांगता येत नाही, असं लिहून दिलं होतं.

मला सांगता येते. त्याच्या उशापाशी मी होतो. चार वाजायच्या आतच त्याचा श्वास थांबला, आणि ती जिना चढून आली सव्वाचारला. तिच्या त्या अर्ध्या तासात वाचण्यासारखी एकच व्यक्ती आत उरली होती, आणि ती वाचली.

मी मारलं, हे मला कबूल आहे. लवकरच मला भट्टीत टाकतील, त्याचंही काही नाही. पण हे ऐकणाऱ्यांनो, कधी ओलावारियाला गेलात, तर बसस्टँडजवळ रूबेन ड्रायव्हरचं घर विचारा. आणि त्या पोरीला सांगा, की तू टकटक केलीस, त्याआधीच पप्पा गेले होते. उशीर तुझ्यामुळे झालेला नव्हता.