गाढववाला उस्ताद

"घरातली खरी भट्टी पडली थंड, आन् ही बया मोबाईलमधी घण घालती," मीरासाहेब चहाच्या बशीत तोंड घालून पुटपुटले. सांगितलं बशीला, पण सुनेला ऐकू जाईल एवढ्या बेतानं.

नजमानं ऐकलं. बावीस वर्षं ती सासऱ्याचं पुटपुटणं ऐकत आली होती. बशीला सांगितलेल्या गोष्टीचं उत्तर बशीनं द्यायचं असतं, हे तिला सरावानं कळलं होतं. तिनं मान वर केली नाही. समोर एक राजा उभा होता, आणि तो रांग मोडून पुढं घुसत होता.

"राजे, रांगेत," तिनं एका बोटानं टाइप केलं.

राजा निमूट मागं गेला. त्याच्या पुढं एक भिकारी होता, त्याला सुरीला धार लावून हवी होती.

गुरुवार होता. चाकणच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळं दुपारी मोबाईलवरच्या त्या खेळात जत्रा भरायची. किल्ले, तलवारी, आग ओकणारे ड्रॅगन आणि शंभर-सव्वाशे पोरं. नियम एकच, प्रत्येकानं आपापलं सोंग नीट वठवायचं. राजा रावेतला कुठल्याशा आयटी कंपनीत होता आणि बायकोला मीटिंग आहे म्हणून सांगून बसायचा. आळंदीत मृदंग शिकणारा एक पोरगा राक्षस झाला होता, आणि तो राक्षस बोलायला इतका गोड की त्याला कुणी मारेना.

नजमाची पोरगी रुबीना डिप्लोमाला होती. ती या खेळात शिरली तेव्हा बरी बरी सोंगं सगळी संपलेली. उरला होता एक भटका लोहार. टक्कल, कानात बाळी, सोबत गाढवाची गाडी. गावोगाव फिरायचं आणि लोकांची हत्यारं नीट करून द्यायची. रुबीनाला दोन दिवसांत कंटाळा आला. "अम्मी, ह्याला मारामारीच नाही गं," म्हणून तिनं जुना फोन ओट्यावर टाकला. नजमा भाकरी थापत होती. तिनं सहज बघितलं तर तो टकल्या काळ्याठिक्कर लोखंडावर धडाधड हातोडा मारत होता.

"अगं, थंड लोखंडावर मारतोय मुडदा! ह्याला शिकवलं कुणी?"

पिठाच्या हातानं तिनं फोन उचलला, तो आजतागायत खाली ठेवला नव्हता.

खेळात एक बटण दाबलं की हत्यार नीट होत असे. पण नजमानं ते बटण शेवटी दाबायचं ठरवलं. आधी गंज घासून आणायला लावायची. मग भट्टी तापेपर्यंत थांबायला लावायची. एकीकडं फोडणी करायची असली की लिहायची, "थांब. चहा." पोरांना वाटलं, काय वजन आहे माणसाला! मोजकं बोलतो. खरं तर तिला जोडाक्षरं सापडत नव्हती. बघता बघता गाढववाल्या उस्तादाचं नाव सगळ्या राज्यांत झालं, आणि तो पुरुष आहे, साठीचा आहे, बहुधा विधुर आहे, हेही पोरांनी आपसात ठरवून टाकलं.

आता नजमाला लोहारकी कळायची कशी, तर त्यांचं घरच लोहाराचं. कुरुळीत रस्त्याकडेला पुढं पत्र्याचं दुकान, मागं दोन खोल्या. दुकानावर पाटी मीरासाहेबांची, ऐरणीवर त्यांचा मुलगा आरिफ. पहारी, छिन्न्या, खडक फोडायच्या ब्रेकर यंत्राचे टोकदार पॉइंट असल्या कामांना आजूबाजूला दुसरा हात नव्हता. आरिफचा घण म्हणजे घण. लोखंडाला तो असा वळवायचा की लोखंडालाही वाटावं, आपल्याला इकडंच वळायचं होतं.

पण घणानं काम संपत नाही. शेवटी हत्याराला पाणी द्यावं लागतं. लाल टोक पाण्यात बुडवून काढायचं, विटेच्या तुकड्यानं घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. आतली धग टोकाकडं यायला लागते तसे पोलादावर रंग चढतात. आधी पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर विझवलं तर हत्यार काचेसारखं तडकतं. निळ्यावर गेलं तर वाकतं. ब्रेकरच्या पॉइंटला जांभळं पकडायचं, आणि ते जांभळं पापणी लवेपर्यंतच थांबतं.

आरिफला जांभळं दिसत नसे.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही कधी तोंडानं म्हटलेलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आरिफनं बाजारातून दोन किलो हिरवेगार टोमॅटो आणले आणि वर "कसले लालबुंद हायेत बघ," म्हणाला. नवी नवरी हसली. सासरा मात्र हसला नाही. "त्याची नजर जरा घाईची हाय," मीरासाहेब म्हणाले. तेव्हापासून घरात त्या गोष्टीचं नाव घाईची नजर असं पडलं.

आधी रंग बघायला ऐरणीजवळ मीरासाहेब स्वतः उभे राहायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा नजमा मधल्या दारात भाजी निवडायला बसू लागली. जांभळं आलं की ती खोकायची. खोकला आला की आरिफ पॉइंट पाण्यात सोडायचा. गिऱ्हाइकांना खोकल्याचं फार वाईट वाटे. कुणी अडुळसा आणून देई, कुणी आळंदीच्या वैद्याचा पत्ता देई. एकानं तर छातीचा फोटो काढायला तळेगावला न्यायची तयारी दाखवली होती.

"अम्मीलाच पाणी देऊ दे की उघड," रुबीना एकदा बोलून गेली होती.

"बाईच्या हातचा चहा पितंय गिऱ्हाईक, पाणी दिलेलं हत्यार न्हाई घ्यायचं," मीरासाहेबांनी निकाल दिला होता. तिथंच विषय मिटला.

तर त्या गुरुवारी भिकाऱ्याची सुरी झाली, राजाची तलवार झाली, आणि सेनापती पुढं आला. हा सेनापती म्हणजे सार्थक, कुठल्याशा बांधकाम कंत्राटदाराकडं साइट इंजिनिअर. पण आज तो सेनापतीसारखं बोलेना.

"उस्ताद, सोंग बाजूला ठेवून विचारतो. साइटवर खडक लागलाय. लोहाराकडून वीस पॉइंट करून आणले, आठ दिवसांत चौदा मोडले. काल एक तुकडा आमच्या माणसाच्या कानाजवळून गेला. बोटभर अलीकडं असता तर डोळाच गेला असता. फोटो टाकतो."

फोटो आला. मोडलेली कड दाणेदार, चांदीसारखी पांढरी. नजमाला फार बघावंच लागलं नाही. दुसऱ्याच्या पोराचा डोळा जाता जाता राहिला, हे वाचून तिचं डोकं फिरलं होतं. तिचं एक बोट त्या दिवशी घोड्यासारखं धावलं.

"पिवळ्यावर विझवलंय. जांभळ्यापर्यंत थांबायचा धीर नाही. ज्यानं हे केलं त्यानं लोहारकी सोडावी आणि भेळ विकावी."

सगळा दरबार हसला. राक्षससुद्धा. राजानं हे वाक्य दगडावर कोरून घ्यायची आज्ञा दिली.

मग नजमानं फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. पॉइंटच्या बुडाशी ठसा होता. चांदकोर आणि खाली तीन टिंबं. मीरासाहेबांचा ठसा.

तिच्या हातातला फोन एकदम जड झाला. मागच्या महिन्यात ती भाचीच्या बाळंतपणाला आठ दिवस मंचरला गेली होती. जाताना आरिफला म्हणाली होती, "पाण्याचं काम मी आल्यावर करू." तो "व्हय व्हय" म्हणाला होता. गिऱ्हाइकानं घाई केली असणार, आणि माझी बायको घरी नाही म्हणून काम होणार नाही, असं कुठला लोहार सांगेल? सगळ्या रंगांत पिवळा तेवढा आरिफला नक्की दिसायचा. म्हणून त्यानं तिथंच सोडलं. चुकायला नको म्हणून चुकला.

"उद्याच जातो त्याच्याकडं," सार्थकनं लिहिलं. "तुमचं वाक्य जसंच्या तसं ऐकवतो."

नजमानं घाईघाईनं लिहिलं, "लोहार चांगला असेल. त्या दिवशी त्याची बायको घरी नसेल."

उस्ताद फार खोल बोलले असं दरबारात सगळ्यांचं मत पडलं. राक्षसानं हात जोडले.

शुक्रवारी सकाळी दहाला पिकअप दुकानासमोर थांबला. उतरला तो पोरगेला, गोरटेला, चष्मेवाला. हाच तो सेनापती, हे नजमानं शर्टाच्या खिशाला लावलेल्या ओळखपत्रावरून ओळखलं. त्यानं पोतं ऐरणीपाशी ओतलं. चौदा तुकडे खणाखणा पडले.

"आरिफभाई, हे काय हो?"

आरिफनं एक तुकडा उचलला, फिरवला, खाली ठेवला. "पोलाद हलकं असंल."

"चायनाचं असंल," मीरासाहेब खाटेवरून म्हणाले. "आजकाल समदं चायनाचं."

"कोळसाही ओला होता त्या आठवड्यात," रुबीना म्हणाली. ती कॉलेजला निघाली होती, पण निघाली नव्हती.

"आमचे एक उस्ताद आहेत," सार्थकनं फोन काढला. "फार मोठा माणूस. ते म्हणतात, पिवळ्यावर विझवलंय. आणि पुढं म्हणतात... राग मानू नका हं, मी फक्त वाचतो. ज्यानं हे केलं त्यानं लोहारकी सोडावी आणि भेळ विकावी."

"भेळ?" आरिफ म्हणाला.

"भेळ."

"कोन हाय ह्यो भाद्दर? बोलवा त्याला हितं! फोनवरनं अक्कल पाजळतोय! घण तरी उचललाय का जन्मात?"

"गावोगाव फिरतात ते. पत्ता नाही. गाढव असतं सोबत."

"नसंल कसं! गाढवाची अक्कल कळली!"

नजमा मधल्या दारात मेथी निवडत होती. देठ टोपलीत आणि पानं केरात चालली होती.

"तसं मनानं चांगले आहेत हो," सार्थक समजुतीनं म्हणाला. "नंतर लगेच म्हणाले, लोहार चांगला असेल. त्या दिवशी त्याची बायको घरी नसेल."

आरिफनं हळूच मान वळवून मधल्या दाराकडं बघितलं. नजमानं मेथीत मान घातली. रुबीना छताच्या पत्र्यातली भोकं मोजायला लागली. आरिफची नजर घाईची असेल, पण एवढी नव्हती.

"एक करून दाखवतो," तो म्हणाला. आवाजातली आग गेली होती. "बघून जावा."

ब्लोअर लावला. पॉइंट लाल झाला, घण पडला, टोक निघालं. बुडवलं, काढलं, विटेनं घासलं. सार्थक वाकून बघत होता. पिवळा आला, गेला. तांबूस आला. आरिफ सांडशी धरून उभा होता, पण पॉइंटकडं बघतच नव्हता. सरळ नजमाकडं बघत होता.

ती खोकली.

पॉइंट पाण्यात चर्र झाला. सार्थकनं कानशीनं टोक तपासलं, उजेडात धरून फिरवलं. "जांभळं! अगदी उस्ताद म्हणाले तसं! मग एवढं येतं तर ते चौदा...?"

"तेच म्हन्तोय, चायना," मीरासाहेब म्हणाले.

"बरं, जाऊ द्या. आता असं करा. भामा नदीच्या पलीकडं आमची साइट आहे, खडक सहा महिने पुरेल. ने-आण परवडत नाही. भट्टीच तिकडं मांडा. रोज पन्नास पॉइंट. हाताखाली आमची माणसं देतो, राहायला कंटेनर देतो. तुम्ही फक्त एकटे या. फिरता लोहार, आमच्या उस्तादांसारखा!"

"येतो की!" मीरासाहेब खाटेवर उठून बसले. "सोमवारपासनं येतो! त्यात काय!"

"अब्बा," नजमा म्हणाली. खेळात राजाला रांगेत उभं करणारी बाई तेवढ्यावरच थांबली. डोळ्यांसमोर रोजचे पन्नास पिवळे पॉइंट आले आणि त्यांच्याभोवती वाकून बसलेली कुणाची कुणाची पोरं आली. आपण सांगितलं तर सगळं थांबेल, हे तिला कळत होतं. पण ते सांगणं तिचं नव्हतं. भेळेचं वाक्य तिनं दरबारात उडवून दिलं होतं, तेवढं पुरे होतं.

"भाभींना नेलं तर?" रुबीनानं हळूच सुचवलं. मग गिऱ्हाइकांसारखं आपण आपल्याच आईला भाभी म्हणालो हे लक्षात येऊन ती लाल झाली. "म्हणजे, अम्मीला."

"साइटवर बायका कशाला?" सार्थक म्हणाला. "डबा लावून देऊ की आम्ही."

"तर काय! खोकला घिऊन कुठं धुळीत न्यायची तिला?" मीरासाहेब म्हणाले. "आरिफ, हो म्हन. काय बघतोस?"

आरिफनं सांडशी ऐरणीवर ठेवली. कपाळाचा घाम बाहीनं पुसला. पोतं उचलून त्यानं चौदा तुकडे एकेक करून आत भरले, सावकाश.

"भाऊ, पोलाद चांगलं होतं," तो म्हणाला.

"अरं, त्याची नजर जरा घाईची..." मीरासाहेबांनी सुरुवात केली.

"न्हाई अब्बा. घाईची न्हाई." आरिफ सार्थककडं वळला. "मला रंग दिसत न्हाईत. जलमापासनं न्हाई दिसत." त्यानं मधल्या दाराकडं हात केला. "पाणी ही देती."