तारेला अडकलेले केस

"ऊठ बाळा, आपले आले बघ…" लहानपणच्या पहाटेचा, बाबांचा तो कुजबुजता, वाळल्या गवताच्या वासाचा आवाज. आणि इथे, कुंपणाच्या काट्याला अडकलेला केसांचा पुंजका, पिवळट, वाऱ्यावर हलणारा. एल्कांचा, त्या थोराड डोंगरी हरणांचा कळप इथूनच उतरला असणार. इडेलानं पुंजका चिमटीत धरला. ऊब नव्हतीच त्यात, तरी तिला जाणवली.

पलीकडे मर्ल तुटलेली तार ओढत होता. दर पानगळीत एल्क कुंपण तोडतात, आणि गावातून मर्ल येतो, न बोलावता, पक्कड घेऊन.

"यंदा परवान्याच्या सोडतीत?" तिनं विचारलं, ठाऊक असूनही.

"नाही निघालं नाव. सरकारला माझं अक्षर लागत नसेल."

"अर्ज संगणकावर भरतात आता, येड्या."

"मग त्यालाही लागत नसेल. तार घट्ट धर, नाहीतर माझं नाक जाईल."

ती हसली, आणि कोटाच्या खिशातला कागद कुरकुरला. नर एल्कच्या शिकारीचा परवाना. गावकऱ्यांनी सोडतीची वाट बघायची. जमीनवाल्यांना तो घरबसल्या येतो, एल्क त्यांचं गवत खातात म्हणून. दुपारी शिकाऱ्यांचा वाटाड्या येईल, शहरातल्या कुणासाठी हा परवाना विकत नेईल, दरवर्षीसारखा. त्यात खोटं काय आहे? बर्फात त्यांनी विस्कटलेल्या गवताच्या गंज्या मीच बघते ना, माझ्याच खळ्यात… पण उन्हाळाभर ते वर असतात, सगळ्यांच्या डोंगरावर, धुक्यातून धुक्यात जाणारे — आणि मर्लचे गुडघे, खाली बसताना तो खांबाला कसा धरतो… पुढल्या पानगळीत चढवेल त्याला? कागद त्याच्या हातात ठेवला तर तो उपकार होईल. आणि उपकार म्हटल्यावर मर्ल पक्कड उचलून चालू लागेल, मान खाली घालून.

वरच्या अ‍ॅस्पेनच्या पिवळ्या झाडीतून नराची साद आली — आधी गंजक्या बिजागरीसारखी, मग उंच, उंच, आभाळाला चरा पाडणारी. दोघंही थांबले. तार दोघांच्या हातांत तशीच ताणलेली. दव, बाबांचा खांदा, धुक्यातून निघणारी शिंगं… तेव्हा कुंपण होतं का इथं? आठवेना.

"मर्ल," ती म्हणाली, "माझ्याकडे एक परवाना आहे."

"माहितेय. दरवर्षी असतो."

त्यानं ओठांत धरलेला खिळा काढला, तळहातावर फिरवला. कागदापर्यंत गेलेला तिचा हात खिशातच राहिला.

"तुझे बाबा म्हणायचे ना, आपले आले," तो डोंगराकडे बघत म्हणाला, "तेव्हा मीही याच तारेला टेकून उभा असायचो, इडेला. मला वाटायचं, ते मलाही म्हणतायत."